लेकराची मान वर नका करू हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी अकोल्यात स्कूल व्हॅन चालवतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, मोबाईलवर टाइप करतोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या माणसांनी सांभाळून घ्यावं. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी म्हणून अख्खं पान आलं होतं, त्यात खाली कोपऱ्यात 'नाकाचा घोळणा फुटल्यास', म्हणजे नाकातून रक्त आल्यास, असा एक चौकोन होता. लिहिलं होतं की उताणं झोपवावं, मान मागे करावी, डोक्यावर गार पाणी ओतावं अन् कांदा फोडून हुंगायला द्यावा. सोबत फोटो पण होता, एक बाई पोराची हनुवटी धरून त्याचं तोंड आभाळाकडे करतेय. बाकी पान चांगलं होतं, ताक प्या, पन्हं प्या, भर दुपारी बाहेर पडू नका, सगळं बरोबर. पण तो चौकोन वाचून माझं डोकं फिरलं. कारण त्यात लिहिलेलं सगळंच्या सगळं मी स्वतः 11 वर्षं केलेलं आहे, रोज दुसऱ्यांची लेकरं ने-आण करताना केलेलं आहे, अन् ते चुकीचं आहे हे मला कळलं ते माझ्या वडिलांच्या जिवावर आलं तेव्हा.

आमच्या वऱ्हाडात याला 'घोयना फुटला' म्हणतात. अकोल्याचा उन्हाळा इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही पण तुमचा पेपर पुण्या-मुंबईतही वाचतात म्हणून सांगतो, एप्रिलमधे पारा 40 च्या वर जातो, मे मधे 45 च्या वर, 2024 च्या मे मधे तर उन्हापायी जिल्ह्यात कलम 144 लावलं होतं, दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन. अन् हे ऊन कोरडं. मुंबईत माणूस घामाने चिकट होतो, आमच्याकडे घाम दिसायच्या आधीच हवा तो पिऊन टाकते. ओठ फुटतात, टाचा फुटतात अन् पोरांची नाकं पण फुटतात. सकाळची शाळा असली तरी सुटेपर्यंत साडेअकरा-बारा होतातच, व्हॅन तोवर उन्हात उभी, पत्रा तापलेला, आत पोट्टे कोंबलेले (नियमात कोंबलेले, आरटीओ साहेबांनी वाचलं तर सांगून ठेवतो), त्यात कोणाचं बोट नाकात, कोणाचं कोपर कोणाच्या नाकावर. मार्चपासून शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत एखादा आठवडा सोडला तर माझ्या गाडीत कोणाचा ना कोणाचा घोळणा फुटतोच.

तर चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरीतला एक पोरगा मागच्या सीटवर होता, पोरी ओरडल्या काका रक्त रक्त, मी नेहरू पार्कच्या पुढे गाडी साइडला घेतली. त्याची मान मागे केली, सीटला टेकवली, बाटलीतलं पाणी टाळूवर ओतलं, नाकावर रुमाल ठेवला अन् म्हटलं हलू नको. दोन मिनिटांत रक्त दिसेनासं झालं. मी खुश, आपल्याला जमतं म्हणून. गाडी काढली. घर यायला दोन चौक राहिले असतील तेवढ्यात ते लेकरू भडाभडा ओकलं, लालकाळं, गुठळ्यांसकट, शेजारच्या दोन पोरींच्या युनिफॉर्मवर. सगळी गाडी रडायला लागली. त्याच्या आईने दारातच ते पाहिलं अन् रक्ताची उलटी झाली म्हणून रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं, पोटाची सोनोग्राफी झाली, काय काय तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. पैसे गेले ते गेले, त्या बाईची आठ दिवस झोप उडाली. अन् मी पण सगळ्यांना सांगत फिरलो की बिचाऱ्याच्या पोटात काहीतरी आहे वाटतं. माझ्या मनात सुद्धा आलं नाही की ते पोटात मीच घातलं होतं.

आता वडिलांचं सांगतो. बाबा तेव्हा 71 चे, एंजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू, एकोस्प्रिन अन् क्लोपिडोग्रेल. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री 2 वाजता आईने हाक मारली, पाहतो तं उशी लाल. मग आमच्या घरात जे झालं ते तुमच्या त्या चौकोनात लिहिल्याप्रमाणे तंतोतंत झालं. उशी काढली, उताणं झोपवलं, मान मागे. आई कांदा फोडून आली. मी, माझी अक्कल बघा, डिसेंबरच्या थंडीत 71 वर्षांच्या हार्टच्या माणसाच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओततोय. शेजारचे भाऊ उठून आले, ते म्हणे डाव्या नाकपुडीतून येतंय तं उजवा हात वर करा, मग बाबांचा उजवा हात बायकोने वर धरून ठेवला. कोणीतरी कापसाचा बोळा करून नाकात खुपसला. बाबा खोकत होते, ठसकत होते, काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, आम्ही म्हणतोय बोलू नका बोलू नका. नंतर कळलं ते एवढंच सांगत होते की मला बसू द्या. पाऊण तास हा तमाशा. मग त्यांनी बादलीत ओकारी केली अन् ती बादली पाहून आई खालीच बसली. तेव्हा कुठे 108 ला फोन गेला.

दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी आधी इंजेक्शन काढलं नाही, सलाइन लावलं नाही, पहिलं काम हे केलं की बाबांना उठवून बसवलं. पाय खाली सोडून, मान पुढे वाकवून, हातात ट्रे दिला, म्हणाल्या तोंडात येईल ते थुंका, गिळू नका, अन् स्वतःच्या दोन बोटांनी नाकाचा मऊ भाग चिमटीत गच्च धरला. बाबांनी घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला, तोंडाने. मॅडमनी चिमूट न सोडता माझ्याकडे पाहून विचारलं, मान मागे कोणी केली? मी भिंतीकडे पाहिलं.

त्या रात्री रक्त पूर्ण थांबलं नाहीच, गोळ्या चालू होत्या अन् बीपी 190 च्या वर गेलं होतं, शेवटी डॉक्टरांना नाकात पॅक, म्हणजे रक्त दाबून धरणारी पट्टी, भरावी लागली अन् दोन दिवस ॲडमिट ठेवलं. पण ते नंतर. सकाळी त्या मॅडमनी मला बाहेर बाकावर बसवून केसपेपरच्या मागे पेनाने नाक काढून दाखवलं. आपल्या दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो त्याच्या अगदी पुढच्या भागावर, म्हणजे पोरगं नाकात बोट घालतं तेव्हा जिथे टेकतं तिथेच, चार-पाच रक्तवाहिन्यांची टोकं येऊन एकमेकींत गुंतलेली असतात अन् त्यावरचं अस्तर एकदम पातळ. हवा कोरडी झाली, सर्दी झाली, खपली धरली, बोट लागलं, की तिथे चीर पडते. 10 पैकी 9 वेळा घोळणा तिथूनच फुटतो. डॉक्टर त्या जागेला लिटल्स एरिया म्हणतात, मला वाटलं लहान जागा म्हणून लिटल, तर तसं नाही, जेम्स लिटल म्हणून अमेरिकेत एक डॉक्टर होते त्यांनी 1879 मधे त्या जागेबद्दल लिहिलं म्हणून त्यांचं नाव. म्हणजे बघा, रक्त कुठून येतं हे माणसाला जवळपास दीडशे वर्षं माहीत आहे, ती जागा अंगठा अन् बोटाच्या टप्प्यात आहे, अन् आपण अजून कांदे फोडतोय. नळ जिथे गळतोय तिथे दाबायचं सोडून गच्चीवरच्या टाकीवर पाणी ओतल्यासारखं आहे हे.

अन् मान मागे केली की रक्त थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतं. ते मागून घशात उतरतं, माणूस ते गिळतो, पोटाला रक्त सोसत नाही म्हणून मळमळतं अन् मग ओकारी. कधी श्वासनळीकडे गेलं तर ठसका, गुदमरणं. वरून किती गेलं ते कोणालाच कळत नाही. मी मॅडमना विचारलं, पोरं घोळणा फुटल्यावर ओकतात ते पण हेच? म्हणाल्या बहुतेक वेळा हेच. मला तो दुसरीतला पोरगा आठवला, त्या पोरींचे युनिफॉर्म आठवले, सोनोग्राफी आठवली. त्याच्या आईला मी नंतर जाऊन सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा दिला. पण पुढच्या वर्षी तिने दुसरी व्हॅन लावली, अन् त्यात तिची काही चूक नाही.

तर करायचं काय ते सांगतो, मॅडमनी सांगितलं तसंच. बसवायचं, झोपवायचं नाही. मान थोडी पुढे, जमिनीवर पडलेलं नाणं शोधतोय एवढीच. अंगठा अन् बाजूचं बोट, नाकाचा मऊ भाग दोन्हीकडून चिमटीत धरायचा, नाकपुड्यांच्या जरा वर, जिथे हाड संपून मऊ लागतं तिथे. इथेच निम्मे लोक चुकतात, वर चष्मा टेकतो त्या हाडावर दाबतात, तिथे दाबून काही होत नाही, खाली रक्त चालूच राहतं. एकाच नाकपुडीतून येत असलं तरी दोन्ही बाजू दाबायच्या. श्वास तोंडाने. तोंडात रक्त आलं तर थुंकायचं. लेकरू मोठं असेल तर त्याचं त्याला धरू द्यायचं, लहान असेल तर आपण धरायचं, रडू द्यायचं नाही कारण रडलं की जोर येतो अन् रक्त वाढतं. कापूस, कागद, रुमालाचं टोक, काही म्हणजे काही आत कोंबायचं नाही, कापसाचे धागे खपलीला चिकटतात अन् बोळा काढला की खपली निघून पुन्हा सुरू.

अन् मुख्य गोष्ट, 10 मिनिटं. घड्याळ लावून 10 मिनिटं. मधे एकदाही सोडून पाहायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे साहेब, माझ्यावर विश्वास ठेवा. माणसाला दर अर्ध्या मिनिटाला वाटतं थांबलं असेल, पाहू का, अन् पाहिलं की नुकतीच धरलेली गुठळी सुटते, मग पहिल्यापासून. 10 मिनिटांनी हळूच सोडायचं, चालू असेल तर पुन्हा तेवढाच वेळ. बर्फ असला तर फडक्यात गुंडाळून नाकावर वरच्या बाजूला धरा, चालतो, पण चिमूट सोडून नाही. थांबल्यावर त्या दिवशी नाक शिंकरायचं नाही, खपली उकरायची नाही, गरम चहा लगेच नको, जड उचलणं, उड्या मारणं नको. घसा कोरडा पडला तर गार पाण्याचे घोट द्या.

आता 10 मिनिटं पोरांना गप्प कसं बसवायचं? मागच्या एप्रिलची गंमत सांगतो. चौथीतल्या एका पोरीचा घोळणा फुटला, मी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, तिला पायरीवर बसवलं, चिमूट कशी धरायची दाखवलं अन् बाकीच्यांना म्हटलं चला, पाढे म्हणा, संपेपर्यंत हिने हात सोडायचा नाही. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे असायचे, बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत बरोबर 10 मिनिटं लागली असती. आजकालच्या पोट्ट्यांचं बारावर इंजिन बंद पडतं. मग दोनदा म्हणून घेतले, मधे सातच्या पाढ्यावर भांडण झालं, ती पोरगी नाक धरून गेंगाण्या आवाजात 'सात आठे छप्पन' म्हणून दुरुस्त्या करत होती. सोडलं तेव्हा रक्त बंद. पाणी नाही, कांदा नाही, रुमालावर फक्त चार डाग. माझ्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा घोळणा फुटलेलं लेकरू हसत घरी गेलं.

पण घरी काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीने मला दारात धरलं. "काहून रे, लेकराची मान खाली कायले केली? सारं रगत सांडून गेलं असतं ना बाप्पा!" मी म्हटलं आजी ते आत जाऊन पुन्हा अंगात नाही लागत, पोटात जाते अन् ओकारी होते. आजीला पटलं नाही. अन् मला आजीचं कळतं, सांडलेलं रक्त दिसलं की जीव तुटतोच, आत गेलेलं दिसत नाही म्हणून बरं वाटतं. त्यात आपण वरून पाणी ओततो, मग दोन चमचे रक्त असेल ते पाण्यात मिसळून शर्टभर, फरशीभर होतं अन् घरातले सगळे हबकतात. मला तर वाटतं घोळण्यापायी जेवढी धावपळ होते त्यातली अर्धी त्या पाण्यामुळे होत असेल.

शाळेत पण तेच. गेटवर मी स्वतः पाहिलं, एक टीचर पोराची हनुवटी वर उचलून धरून त्याला ऑफिसकडे नेत होत्या, तो अडखळत चाललाय, डोळे आभाळाकडे. अगदी तुमच्या फोटोसारखं. शाळेत प्रथमोपचार पेटी आहे, भिंतीवर लाल प्लस आहे, आत कापूस, बँडेज, डेटॉल सगळं आहे. अन् घोळण्याला त्यातलं काहीच लागत नाही, लागतात ती दोन बोटं अन् घड्याळ. बहुतेक म्हणूनच कोणी शिकवत नसावं, फुकटच्या गोष्टीला किंमत नाही आपल्याकडे.

कांदेवाल्यांनी, दूर्वावाल्यांनी रागावू नये. माझी आजी पण दूर्वांचा रस नाकात सोडायची, आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, वैद्यांनी तपासून काय द्यायचं ते द्यावं, पण रस्त्याच्या कडेला व्हॅन उभी करून मी दूर्वा कुठून आणू अन् वाटू कशावर? अन् आपल्या मनाने कुठलाही रस, तूप, तेल वाहत्या नाकात ओतायचं नाही, एवढं मला मॅडमनी बजावून सांगितलंय. कांदा हुंगून डोळ्यातून पाणी येतं, नाकातलं रक्त त्याने थांबत नाही. हात वर केल्याने हात दुखतो. आमच्या पालकांच्या व्हाट्सएप ग्रुपवर तो हात वर करायचा मेसेज दर मार्चमधे येतो, खाली 50 जणांचे अंगठे.

अजून एक, 'उष्णता झाली' म्हणून पोरांचं आंबे-अंडी बंद करतात. एका पोराला अख्खा सीझन आंबा मिळाला नाही, त्याचा घोळणा फुटायचा तो फुटतच होता, कारण बोट नाकातच होतं. ऊन कारण आहे, नाही असं नाही, पण ते हवा कोरडी करतं म्हणून, आंब्याने नाही. नखं कापा. नाकात खपल्या धरत असतील तर डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब सोडा, नाकपुडीच्या आत कडेला बोटाने थोडं व्हॅसलीन लावा, आत खोल नाही. आमच्या अकोल्यातला ताट्यांचा कूलर यात बरा, हवेत ओल तरी देतो, एसी उलट हवा कोरडी करतो, हे मला आवडलं कारण एसी घ्यायची ऐपत नाही. म्हातारी माणसं तपकीर ओढतात त्यांचंही नाक असंच सोलवटतं. सर्दीचे किंवा ॲलर्जीचे स्प्रे मारणाऱ्यांनी नळी मधल्या पडद्यावर रोखू नये, बाहेरच्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या दिशेला तिरकी धरावी.

आता हे वाचून कोणी म्हणेल मग काय घरीच नाक दाबून बसायचं? नाही. अर्धा तास नीट दाबूनही थांबत नसेल तर दवाखाना. रक्त धारेने येत असेल, चक्कर येत असेल, श्वासाला त्रास असेल तर वाटच पाहायची नाही, 108. चक्कर आलेल्या माणसाला बसवून ठेवता येत नसेल तर कुशीवर निजवा, उताणं नाही. पडून किंवा गाडीवरून आपटून डोक्याला-तोंडाला मार लागलाय अन् मग नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय तर ती वेगळी गोष्ट, तिथे घरगुती काही करायचं नाही, थेट हॉस्पिटल. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला रक्त आलं तर एकदाच आलं तरी दाखवा. ताप आहे, पावसाळ्याचे दिवस आहेत, डेंग्यूची साथ आहे अन् नाकातून रक्त आलं तर उद्यावर ढकलू नका. अंगावर निळे-लाल डाग उठतात, हिरड्यांतून पण रक्त येतं, किंवा पुन्हा पुन्हा एकाच नाकपुडीतून येतं, तर मागे काही दुसरं असू शकतं. लहान पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी-रक्त येत असेल तर बहुतेक वेळा आत काहीतरी घातलेलं असतं, चणा, मणी, खडू. खेळण्यातला तो चपटा बटन सेल असेल तर घाई करा, तो काही तासांत आतला पडदा जाळून भोक पाडतो.

अन् ज्यांच्या घरात माझ्या बाबांसारखं कोणी आहे, स्टेंट (हृदयाच्या नळीतली जाळी) टाकलेला, हृदयाचा वॉल्व बदललेला, रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यांनी हे पत्र कापून फ्रिजवर लावा. चिमूट तशीच धरायची, पण दवाखान्याच्या वाटेवर धरायची, घरी बसून थांबायची वाट पाहू नका. अन् दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन म्हणतील गोळीनेच झालं, बंद करा. आमच्याकडे तिघे म्हणाले. मी मॅडमना विचारलं तं त्या जवळजवळ ओरडल्याच, म्हणाल्या नाकाचं रक्त मी थांबवू शकते, स्टेंट बंद पडला तर काय कराल? गोळी कमी करायची की बदलायची ते हार्टचे डॉक्टर ठरवतील. बाबांची गोळी चालू आहे, बीपीची वाढवली, त्यानंतर दोनदा थोडं रक्त आलं, दोन्ही वेळा बाबा स्वतःच उठून बसले अन् स्वतःचं नाक धरलं, आम्हाला कोणाला जवळ येऊ दिलं नाही. आईला म्हणाले तू तो कांदा घेऊन तिकडेच थांब.

साहेब, जागतिक प्रथमोपचार दिन म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तुमच्याकडे दरवर्षी छोटी बातमी येते, शाळेत कार्यक्रम झाला, पाहुण्यांचा सत्कार झाला, रेड क्रॉसचे लोक येऊन पट्टी बांधून दाखवतात. चांगलंच आहे. पण सप्टेंबरात आमच्याकडे घोळणे फुटत नाहीत हो. विनंती एवढीच की मागच्या रविवारचा तो चौकोन दुरुस्त करून छापा, अन् तेवढाच मोठा छापा, आतल्या पानावर एका ओळीची चूकभूल देऊ नका, कारण तो फोटो लोकांनी मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकलाय, आमच्याही ग्रुपवर आलाय, अन् पेपरमधे आलंय म्हणजे खरंच असणार असं लोक म्हणतात, मी म्हटलेलं खरं नसतं कारण मी व्हॅनवाला. जमलं तर मार्च ते मे रोज सोन्याच्या भावाच्या शेजारी दोन ओळी टाका, बसवा, मान पुढे, नाक दाबा, 10 मिनिटं. सोनं किती लोक रोज घेतात?

माझ्या व्हॅनमधे मी ड्रायव्हर सीटच्या मागे पुठ्ठ्यावर चित्र काढून लावलंय, स्केचपेनने, नाक, त्याला धरलेली दोन बोटं अन् बाजूला घड्याळ. चित्र त्या सात आठे छप्पनवालीने काढलंय. फोटोच्या जागी छापायला काही हवं असेल तर याचा फोटो व्हाट्सएप करतो, फुकट. नाक जरा बटाट्यासारखं झालंय, पण बोटं बरोबर जागी आहेत, मी तपासलीत.

आपला,
एक स्कूल व्हॅनवाला, अकोला